पाहुण्यांसोबत आईचा फोटो

कालपर्यंत एकमेकांचं तोंड न पाहणारे दोन देश आज गळ्यात गळे घालणार होते, आणि त्यासाठी त्यांना एक आई हवी होती. म्हणून शिंपीणबाईंना गाडी पाठवून आणलं होतं. बाजारातल्या बॉम्बस्फोटात त्यांचा थोरला गेला. बॉम्ब ठेवणारा सात समुद्रांपलीकडे, आज येणाऱ्या पाहुण्यांच्याच देशात, बंगला बांधून मजेत राहत होता. आता दहशतवादाविरुद्ध सहकार्याचा करार व्हायचा होता. त्याला आमच्या ताब्यात कधी देणार, एवढंच बाईंना विचारायचं होतं.

सचिवसाहेबांनी बाईंच्या मुलाचा फ्रेम केलेला फोटो त्यांच्याच हातात दिला आणि जरा उंच धरायला सांगितला. पाहुणे आले. अत्तरात भिजलेल्या, घामट अंगाने त्यांनी बाईंना कवटाळलं. बाईंनी तेवढ्यात प्रश्न विचारून टाकला. दुभाष्याने आधी सचिवांकडे पाहिलं, मग दोन शब्दांत काहीतरी सांगितलं. पाहुणे हसले, बाईंची पाठ थोपटून फुलदाण्या बघायला गेले.

"काय सांगितलंत त्यांना?"

"तुम्ही आभार मानलेत, असं," दुभाष्या बुटांकडे बघत म्हणाला.

बाईंच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

"ताई, आरोपी ताब्यात द्यायचं कलमच वगळलंय करारातून," सचिव साखर पेरत म्हणाले. "मोठ्या कामात थोडं इकडंतिकडं व्हायचंच. मघाशी उजेड नीट नव्हता, एकदा परत मिठी मारा."

"तुम्हीच मारा."

फोटो खुर्चीवर ठेवून बाई बेसिन शोधत गेल्या. मान घासघासून धुतली तरी अत्तराचा वास जाईना. शेवटी भडभडून ओकल्या, तेव्हा कुठे जरा बरं वाटलं.

परत येऊन बघतात तर त्यांच्या जागी ऑफिसात झाडलोट करणारी बाई उभी. साहेबांनी दुधाची तहान ताकावर भागवली होती. तिच्या हातात थोरल्याचा फोटो होता आणि शेजारी पाहुणे टाय सरळ करत होते.

बाई तरातरा फोटो घ्यायला गेल्या.

"ताई, मला रडायला सांगितलंय," ती हळूच म्हणाली. "कोण होता हो हा?"

"माझा मुलगा."

तिने एकदा फोटोकडे पाहिलं, एकदा बाईंकडे, आणि तिला खरंच रडू कोसळलं. ती फोटो बाईंच्या हातात देऊ लागली, तोच पाहुण्यांनी तिला पोटाशी धरलं.

"हां, हेच हवं होतं," फोटोवाला म्हणाला आणि त्याने बटण दाबलं.