छतावरचा लाल दिवा

सकाळपासून स्वयंपाकघरातला धुराचा अलार्म कण्हत होता. धूर नाही, जाळ नाही, पण थांबून थांबून आपलं 'पीप'. शिवणकाम करणाऱ्या सुनेचं डोकं उठलं. स्टुलावर चढून तिने जाळी पुसली, कोळिष्टक काढलं, बटण दाबून पाहिलं. पुन्हा 'पीप'. सेल संपत आला होता, दुसरं काही नाही. नवरा म्हणे नवा आणणार होता; त्याचं ते 'उद्या' काही उगवत नव्हतं.

मग तिला शक्कल सुचली. सासऱ्यांच्या खोलीतही अलार्म होता, आणि सासरे तर ठार बहिरे. कानाशी ढोल बडवला तरी कूस बदलायचे नाहीत, त्यांना तो हवा कशाला? ते अंघोळीला गेल्यावर तिने तिथला सेल काढून स्वयंपाकघरात बसवला. घर गप्प झालं. सुंठीवाचून खोकला गेला म्हणत ती मशीनवर बसली.

दुपारी जळक्या कापडाचा वास आला. तिने आधी मशीन हुंगलं, मग इस्त्रीला हात लावला. इस्त्री थंडगार होती. सासऱ्यांच्या खोलीत हीटर होता.

दाराखालून धूर येत होता. आतून कडी.

"बाबा! अहो बाबा!" ती दोन्ही हातांनी दार बडवत सुटली. बडवता बडवताच तिला कळत होतं, हे आत कुणालाही ऐकू जाणार नाही. तिने खांदा लावला. दार हलेना.

आणि कडी निघाली. सासरे खोकत उभे होते, हातात अर्धं जळालेलं, ओलं पांघरूण.

"हीटरवर पडलं गं," ते नेहमीसारखे मोठ्याने म्हणाले. "बटण बंद केलं, तांब्या ओतला. नशीब, जागा होतो. छतावरचा लाल दिवा आज लुकलुकेना, म्हणून डोळाच लागला नाही. सेल संपला वाटतं. आजच आणायला सांग त्याला."

तिने मान वर करून छतावरच्या, सेल काढलेल्या अलार्मकडे पाहिलं.

"मला ऐकू येत नाही, पण तुला येतं ना," ते म्हणाले. "तो वाजला की तू धावत येशील, म्हणून मी निवांत झोपतो."

तेवढ्यात धूर स्वयंपाकघरात पोचला आणि त्यांच्याच सेलवर तिथला अलार्म किंचाळू लागला. ती ऐकत राहिली. सासरे तिच्याकडे पाहून हसत होते.