बिनवासाचा घेवडा

तिसऱ्या उन्हाळ्यातही वेलाला फुलं आली, आणि त्यांना वास नव्हता.

वर्नानं नाक पार फुलात खुपसून पाहिलं. दिसायला थेट आईच्या वेलाचं फूल, गोगलगाईच्या शंखासारखं वळलेलं, जांभळं-पांढरं. जातीनं घेवडाच, पण खायचा नव्हे, मिरवायचा. ऑस्ट्रेलियातल्या टुवूम्बा गावच्या जुन्या घरी आईनं तो परसातल्या संडासाच्या पत्र्यावर चढवला होता. संध्याकाळी त्याचा गोड दरवळ स्वयंपाकघरापर्यंत यायचा. आता तिथं फ्लॅट उभे आहेत.

धाकटी बहीण डल्सी व्हरांड्यात चहा घेत बसली होती. तिची नजर गेली होती. रविवारी ती मुलाकडे पर्थला जाणार होती, कायमची. त्याआधी तो वास एकदा घ्यायचा, एवढंच तिनं मागितलं होतं.

"उमललं का गं?"

"उमललंय. वास नाही. कोंबडीखत बंद केलं, जागा बदलली, दुष्काळात माझ्या अंघोळीचं पाणी घातलं. आता काय आरती ओवाळू?"

"लावलास कशापासून?"

"पाकिटातल्या बियांपासून. तिन्ही वेळा."

"अगं, आईच्या वेलाला शेंग धरलेली कधी पाहिलीस? ती फांदी तोडून द्यायची. बियांचा तो दुसराच असतो, नुसता तसा दिसणारा."

त्या फांदीचा वेल आता एकाच घरी होता, चुलतबहीण युनाकडे. आणि युनाशी वर्ना चार वर्षं बोलत नव्हती. गावच्या प्रदर्शनात घरगुती केकच्या स्पर्धेला परीक्षक म्हणून बसलेल्या युनानं तिचा केक विकतच्या तयार पिठाचा आहे, असं सगळ्यांसमोर सांगितलं होतं.

"होताच की तो तयार पिठाचा," डल्सी म्हणाली.

"मला ठाऊक आहे. पण ते माइकवरून सांगायची काय गरज होती?"

"फोन कर, वर्ना."

वर्नानं चडफडत नंबर फिरवला.

"कोण?" युनानं विचारलं. आवाज तिनं ओळखला होता, हे वर्नाला कळलं.

"वर्ना. डल्सीला तुझ्या वेलाचा वास घ्यायचाय."

"आणि तुला?"

वर्नानं दात आवळले. "मलाही."

"मग आजच या. उद्या सकाळी मी तो छाटतेय."

"ऐन फुलात?"

"वेल माझा आहे."

वर्नानं फोन आपटला आणि गाडीची किल्ली शोधू लागली. डल्सी भिंत चाचपत केव्हाच फाटकाशी पोचली होती.