कप्तान काजव्याचा शेवटचा अंक

आमच्या सासऱ्यांचं, म्हणजे आबांचं, जुन्या कॉमिक्सचं दुकान आहे. पण दुकानातून काही विकलं गेलं की त्यांना वाईट वाटायचं. असा दुकानदार मी तरी दुसरा पाहिला नाही. गिऱ्हाईक आत आलं की आबा चष्म्याच्या वरून असे बघायचे, जणू त्याने यांच्या मुलीला मागणीच घातली आहे.

मी दुकानात आले ती नाइलाजाने. दातांच्या दवाखान्यात मी रिसेप्शनला होते. डॉक्टर म्हातारे झाले, त्यांनी दवाखाना बंद केला, आणि मी घरी बसले. नवरा म्हणाला, "दुसरं काही मिळेपर्यंत आबांना मदत कर. त्यांच्या दुकानातली धूळ आता कॉमिक्सपेक्षा जुनी झालीय." नवरा रक्त तपासायच्या प्रयोगशाळेत काम करतो. दिवसभर काचेच्या नळ्यांशी बोलायचं, म्हणून सगळे विनोद घरी आल्यावर बाहेर पडतात.

दुकान पहिल्या मजल्यावर, बोगद्यासारखं अरुंद आणि लांब. उन्हाने मुखपृष्ठांचे रंग उडतात म्हणून आबांनी खिडकीला तपकिरी कागद लावून टाकला होता. त्यामुळे रस्त्यावरच्या माणसाला वाटायचं, दुकान कधीच उठलं असणार. आत मात्र सगळं जिथल्या तिथे. प्रत्येक अंक प्लास्टिकच्या पिशवीत, पाठ वाकू नये म्हणून मागे पुठ्ठा, आणि असे अंक लाकडी खोक्यांत उभे लावलेले. अंक कसा उघडायचा, मधल्या पिना गंजल्यात का ते कसं बघायचं, हे आबांनी मला न कंटाळता शिकवलं. फक्त विकायचा कसा, ते शिकवलं नाही. ते त्यांनाच येत नव्हतं.

एक दिवस मी म्हटलं, "आबा, कॉमिक्सवाल्यांचे मेळे भरतात. मोठ्या हॉलमध्ये. गिऱ्हाईक इथे येत नसेल तर आपण तिकडे जाऊ."

"विहीर तहानलेल्याकडे जात नाही, सूनबाई."

"नळ जातो," मी म्हटलं.

आबा गप्प बसले. तोच होकार समजून मी टेबल नोंदवून टाकलं.

पहिल्या मेळ्यात आमची पार फजिती झाली. हॉल माणसांनी भरून वाहत होता. लोक कॉमिक्समधल्या पात्रांची सोंगं घेऊन आलेले; कोणी पंख लावलेले, कोणी शेपूट. आमच्या शेजारच्या स्टॉलवर एक जण पुठ्ठ्याचा रोबो झाला होता, आणि त्याचे गुडघेच वाकत नसल्यामुळे दिवसभर त्याला बसता आलं नाही. लोक आमच्या टेबलापाशी थांबत होते, खोके चाळत होते. पण कोणी अंक उचलला की आबा परीक्षा घ्यायचे. "हा हवाय? मग सांगा बघू, याच्या आधीच्या अंकात काय झालं होतं?" सांगता आलं नाही की अंक परत खोक्यात.

दुपारी एक झुळझुळीत कोट घातलेले गृहस्थ आले. त्यांनी उत्तम अंकांचा चांगला जाड गठ्ठा काढला. माझ्या तोंडाला पाणी सुटलं. बोलता बोलता ते म्हणाले, हे सगळे कडक प्लास्टिकमध्ये सीलबंद करून लॉकरमध्ये ठेवणार. काही वर्षांत भाव वाढेल.

"उघडणार नाही?" आबांनी विचारलं.

"छे! उघडलं की किंमत गेली."

आबांनी तो गठ्ठा त्यांच्या हातातून अलगद काढून घेतला. "मग साहेब, तुम्ही विटा घ्या. विटाही उघडाव्या लागत नाहीत."

परतीच्या वाटेवर व्हॅनमध्ये माझा तोल गेला. "तुम्हाला विकायचं नसेल तर तसं सांगा ना आबा! मी कशाला खोके उचलून कंबर मोडून घेऊ?" मग घरात अबोला. जेवताना नवऱ्याचा टपालवाला झाला.

"आबा म्हणतायत, मीठ दे."

"त्यांना सांग, मीठ विकाऊ नाही."

हे ऐकून आबांना हसू फुटलं, आणि घास घशात अडकून ते इतके खोकले की मला उठून त्यांच्या पाठीवरून हात फिरवावा लागला. अबोला तिथेच संपला. पाणी पिऊन ते म्हणाले, "तुझं चुकलं नाही. पण काही अंक माझ्या हातून सुटतच नाहीत गं."

मग आम्ही ठरवलं. टेबलाच्या कडेला एक खोका आबांचा. त्यातलं कोणीही बघावं, वाचावं, पण विकत मिळणार नाही. बाकीचं सगळं मी विकणार आणि त्यात आबा तोंड घालणार नाहीत.

आबांनी स्वतःच्या खोक्यात भरला 'कप्तान काजवा'.

कप्तान काजवा फारसा कोणाला माहीत नाही. एका लहानशा छापखान्यातून तो यायचा. काजवा हा रात्रपाळीचा पहारेकरी. अंधार पडला की त्याचं अंग चमकायला लागतं. आता असा माणूस चोराच्या मागावर दबकत जाणार कसा? तो येतोय हे चोराला लांबूनच दिसायचं. म्हणून बिचाऱ्याला प्रत्येक चोर अकलेने पकडावा लागे, आणि पकडल्यावर तो त्याच्याशी तासन्‌तास गप्पा मारी. शेवटी जो अंक आला त्यात काजवा एका गुहेत शिरतो आणि त्याचा उजेड विझतो. शेवटची चौकट पूर्ण काळी. तिच्यात बोलण्याचा एकच पांढरा फुगा: "कोणी आहे का?" खाली लिहिलेलं, उत्तर पुढच्या अंकात. पुढचा अंक आलाच नाही. छापखाना बंद पडला. आबा तेव्हा नुकते बाप झालेले. पोरगा वाचायला लागेपर्यंत ते पेपरवाल्याकडे चौकशी करत राहिले म्हणे.

पुढच्या मेळ्यात आबांनी शब्द पाळला. ओठ घट्ट मिटून आपल्या खोक्यामागे बसले होते. मी विकत होते, आणि बरं चाललं होतं. इतक्यात काठी टेकत एक बाई टेबलापाशी आल्या. पांढरे केस अगदी बारीक कापलेले, खांद्याला कापडी पिशवी.

"बसायला खुर्ची मिळेल का गं? माझा नातू राक्षस झालाय आणि सगळे राक्षस सारखेच दिसतायत."

मी माझी खुर्ची दिली. बसल्या बसल्या त्यांनी आबांच्या खोक्यातला एक अंक काढला आणि चाळायला लागल्या. जरा वेळाने माझ्या लक्षात आलं की त्या चित्रं बघतच नव्हत्या. त्यांचं बोट नुसतं फुग्यांवरून फिरत होतं.

"हा ळ माझा आहे," त्या म्हणाल्या.

"काय म्हणालात, आजी?"

"आजी त्या राक्षसाची. तू मावशी म्हण. हा ळ माझा. गोष्ट लिहिणारा वेगळा, चित्रं काढणारा वेगळा. फुग्यांतली अक्षरं मी लिहायची. ळला असं पोट फक्त मी द्यायची. संपादक ओरडायचे, बाई, तुमचा ळ जेवून आलाय!"

आबा उभे राहिले. टेबलाची कड धरून. मला वाटलं, काही होतंय की काय त्यांना.

"तुम्ही... सगळे अंक लिहिलेत?"

"सगळे. तो गुहेतलासुद्धा. आणि त्याच्या पुढचासुद्धा लिहून झाला होता. मालक अचानक गेले, भावाभावांत जुंपली, छापखान्याला कुलूप लागलं. पानांचं काय झालं, देव जाणे. पण एकेक अक्षर हाताने लिहिलेलं. मी विसरेन होय?"

मी तर कानात प्राण आणून पुढे वाकले. त्यांनी तोंड उघडलं, आणि आबा ओरडले, "सांगू नका!"

याही मेळ्यात आमच्या शेजारी आलेला रोबो सगळाच्या सगळा वळला. त्याला नुसती मान वळवता येत नव्हती.

आबा ओशाळले. खाली बसले. मग हळू आवाजात म्हणाले, "माझा मुलगा लहान होता ना, तेव्हा शाळेत जायला तयार होईना. म्हणे, काजवा अंधारात एकटा बसलाय आणि मी काय शाळेत जाऊ? मग वाटेने चालता चालता मी पुढची गोष्ट रचली. रोज थोडी थोडी. आमच्या घरात तोच शेवट खरा आहे. आता तुम्ही दुसरा सांगितलात तर... म्हणजे, तुमचाच खरा. पण मग आमच्याचं काय होणार?"

बाईंनी हातातला अंक हळूच मिटला. मी इतकी वर्षं या घरात आहे, पण हे मला कधी नवऱ्यानेही सांगितलं नव्हतं.

"बरं," त्या म्हणाल्या, "माझा राहू दे. तुमचा सांगा."

आबांनी आधी माझ्याकडे बघितलं. तोंड न उघडण्याचा करार झाला होता ना! मी मान डोलावली.

आणि आबा सांगायला लागले. काजवा हाका मारतो, उत्तर येत नाही. तो भिंतीला टेकून बसतो. इकडे गावात बातमी पसरते. पोलीस कंदील घेऊन निघतात, पण गुहेच्या वाऱ्याने कंदील विझतात आणि सगळे माघारी फिरतात. "आता मला सांगा," आबांनी दोन्ही हात पसरले, "अंधारात चालायची सवय कोणाला? चोरांना! त्याने पकडलेले सगळे चोर आले. एकमेकांचा हात धरून रांग केली. पहिला चोर गुहेच्या तोंडाशी, शेवटचा पार आत. आणि त्या शेवटच्याने काजव्याच्या खांद्यावर हात ठेवून म्हटलं, कप्तान, आज गप्पा मारायला आम्ही आलोय."

टेबलाभोवती कधी गर्दी झाली, मला कळलंच नाही. कोणीतरी टाळी वाजवली. रोबोने वाजवायचा प्रयत्न केला, पण पुठ्ठ्यावर पुठ्ठा आपटून नुसता भद्द आवाज आला. लोक हसले.

बाई हसत नव्हत्या. "याची अक्षरं कोणी लिहिलीत?"

"कोणी नाही. तोंडीच आहे."

"मग दुकानाचा पत्ता द्या," त्या म्हणाल्या. तेवढ्यात एक हिरवा राक्षस धावत आला आणि त्यांच्या गळ्यात पडला.

त्या आठवड्यात मावशी खरंच दुकानात आल्या. टाक, शाईची दौत, पट्टी, सगळं पिशवीतून घेऊन. पण पहिलीच ओळ लिहून त्यांनी टाक खाली ठेवला. हात कापत होता. "माझ्या रेघेला आता जागोजाग ठेच लागते," त्या म्हणाल्या आणि टाक माझ्यापुढे सरकवला. "तुझं अक्षर कसं आहे?"

"दवाखान्यात पेशंटांना तारखा लिहून द्यायचे. सगळ्यांना वाचता यायच्या."

"अर्धं काम झालं मग."

अक्षर लिहिणं म्हणजे काय, हे मला तेव्हा कळलं. ओरडणारं अक्षर कुठे जाड करायचं, कुजबुजणाऱ्याभोवती जागा किती सोडायची. माझा ळ उपाशीच राहायचा. मावशी म्हणायच्या, "वाढ त्याला, वाढ."

चित्रांसाठी मी रोबोला फोन केला. मेळ्यात त्याने कार्ड दिलं होतं. एरवी तो लिफ्ट दुरुस्त करतो. पुठ्ठ्यातून बाहेर काढल्यावर तो फारच लाजाळू निघाला, पण पेन्सिल हातात आली की त्याचा हात सुटायचा. आबा गोष्ट सांगत, तो काढी, मी लिही, मावशी चुका काढत. विकायचा प्रश्नच नव्हता, काजवा काही आमचा नव्हे. पानं तयार झाली तशी दुकानातच दोरीला चिमटे लावून टांगली.

नवरा कामावरून परस्पर तिकडे आला. खांद्यावरची बॅगसुद्धा न उतरवता, एका टोकापासून वाचत वाचत गेला. शेवटच्या पानापाशी थांबला. मग चष्मा काढून पुसला आणि म्हणाला, "आबा, शेवटच्या चोराची टोपी निळी होती. तुम्ही निळी सांगितली होती."

"अरे, काळ्या शाईत निळी कशी दाखवणार?"

"मी निळी धरूनच वाचलंय. सांगून ठेवतोय," नवरा म्हणाला आणि पुन्हा पहिल्या पानापासून सुरुवात केली.

दुसऱ्या दिवशी आबांनी मावशींपुढे चहाचा कप ठेवला आणि खुर्ची ओढून समोर बसले. "आता सांगा तुमचा."

मावशींनी सांगितला. मोठा नव्हताच. काजवा वाट बघून कंटाळतो. भिंत चाचपत, पाण्याच्या आवाजाच्या दिशेने चालत राहतो. कोपर सोलवटतं, डोकं आपटतं. आणि बाहेर येतो तर लख्ख दुपार. चमकायची गरजच नसते.

चहावर साय धरली.

"दुपार," आबा म्हणाले. "हे मला सुचलं नसतं."

"आवडला?"

"चांगला आहे. खरंच चांगला आहे. पण आमच्याकडे चोरच येणार."

"येऊ देत की," मावशी म्हणाल्या.

आता आम्ही सगळे मेळे करतो. आबा अजून गिऱ्हाइकांना प्रश्न विचारतात. पण उत्तर आलं नाही तर आधीची गोष्ट स्वतःच सांगतात, आणि ती ऐकल्यावर अंक घेतल्याशिवाय सहसा कोणी हलत नाही. मी दुसरी नोकरी शोधायची राहिले ती राहिलेच. आणि शनिवारी दुकानात मावशींचा वर्ग असतो. खोके भिंतीशी सरकवायचे, मध्ये फळी टाकायची. रोबो येतो, एका शाळेच्या मुख्याध्यापिका येतात, आणि घरसामान हलवायचा ट्रक चालवणारी एक बाई येते. ती स्वतःच्या धंद्याचं कॉमिक करतेय.

गेल्या शनिवारी तिचं घोडं एका चौकटीत अडलं. फ्रिज जिन्यावरून खाली पडतोय. आवाज काय लिहायचा?

"धडाम," मुख्याध्यापिका म्हणाल्या.

"धडाम सगळेच लिहितात," मावशी म्हणाल्या. "फ्रिज काय एकदाच आदळतो? पायऱ्या आहेत त्या."

"खडाड-खडाड-खण्ण," रोबो लाजत म्हणाला.

"खण्ण कशाला? आत भांडी होती का?"

"लोणी होतं फक्त," ट्रकवाली म्हणाली.

वाद पेटला. कोणाचंच कोणाला पटेना. आबा इतका वेळ ऐकत होते. ते उठले, एक रिकामा लाकडी खोका उचलला, मागच्या दारातून जिन्याच्या वरच्या पायरीवर गेले आणि दिला ढकलून.

सगळे कान देऊन ऐकत होते. खालच्या मजल्यावरून कोणीतरी दार उघडून ओरडलं.

"परत एकदा," मावशी म्हणाल्या, आणि मी टाक दौतीत बुडवला.