पान पाचवरची बायको

हेरंब परबच्या प्रबंधात डावीकडे दीड इंच, उजवीकडे एक इंच आणि वरखाली एकेक इंच समास सोडलेला होता. भोईवाड्यातली त्याची दहा बाय बाराची खोलीही आई गेल्यापासून चहूबाजूंनी बरीच मोकळी झाली होती. पण खोलीचा समास कोणी पट्टी लावून मोजत नाही. प्रबंधाचा मोजतात.

विषय होता गिरणगावातल्या खानावळी. बायकामुलं कोकणात ठेवून इथे एकेका खोलीत वीसवीस जण राहणारे गिरणी कामगार कुठे जेवायचे आणि त्यांना कोण वाढायचं, यावर आठ वर्षं खपून त्यानं तीनशे बारा पानं लिहिली होती. तिसरी मुदतवाढ आज संध्याकाळी पाचला संपत होती. पाचच्या आत पाच प्रती खिडकीत गेल्या नाहीत, तर नोंदणी रद्द. मग आठ वर्षं गेली आणि कॉलेजातली तासांवरची नोकरीही त्यांच्या मागोमाग.

सगळं झालं होतं, फक्त ऋणनिर्देश राहिला होता. प्रबंधाच्या सुरुवातीला सर्वांचे आभार मानायचे ते पान. हेरंबनं त्यावर तीन रविवार घालवले होते. पहिल्या मार्गदर्शक निवृत्त झाल्या, दुसरे परदेशी गेले, आणि तिसरे त्याला प्रेमानं हेमंत म्हणत. मित्रांत सुशांत होता, पण त्याचा शेवटचा मेसेज ‘भेटू एकदा’ असा दोन वर्षांपूर्वीचा होता. ग्रंथालयाचे आभार लिहून झाले, तर तिथला पंखाच जास्त आठवू लागला. त्यानं ते खोडलं आणि पानावर कंसात ‘नंतर’ एवढंच ठेवून फाइल करी रोडच्या उन्मेष झेरॉक्सला पाठवून दिली.

चार दिवसांपूर्वी उन्मेषचा फोन आला, तेव्हा हेरंब परीक्षेच्या वर्गात पहारा देत होता. "तुझा ऋणनिर्देश कोरा आहे. काय करू?"

"नेहमीचं टाका," हेरंब पुटपुटला आणि फोन ठेवला. नेहमीचं म्हणजे काय, हे त्याला स्वतःलाही नीट माहीत नव्हतं.

आज दुपारी दोनला दुकानात पाच प्रती तयार होत्या. काळं रेक्झिन, सोनेरी अक्षरं, डिंकाचा ओला वास. हेरंबनं वरची प्रत घेतली आणि उभ्याउभ्या पान पाच उघडलं.

"उन्मेषभाऊ, ही मेघना कोण?"

उन्मेषनं चष्मा कपाळावर ढकलला. "कुठली मेघना?"

"पान पाचवरची. माझी बायको."

"तुझी बायको मला काय माहीत रे."

हेरंबनं वाचून दाखवलं. "माझी पत्नी सौ. मेघना हिने माझ्या अनुपस्थितीत घर, सासूबाई आणि दोन म्हशी सांभाळल्या. चि. ध्रुव व कु. आकांक्षा यांनी बाबांचा वेळ कधीही मागितला नाही. मेव्हणे स्वप्नील यांनी अडीअडचणीला ट्रॅक्टर दिला."

"हां, म्हणजे नेहमीचंच आहे," उन्मेष म्हणाला. "कराडच्या एका सरांचं. ह्याच्यावर एकवीस जण डॉक्टर झाले, एकाची तक्रार नाही."

"एकवीस जणांची बायको मेघना?"

"नाव बदलायचं असतं रे. तू नाव दिलंच नाहीस. मला वाटलं, तुझीपण मेघना असेल. कॉमन नाव आहे."

"आणि म्हशी?"

"त्या मलापण जरा खटकल्या."

पान फाडलं तर क्रमांक चारावरून सहावर उडी मारणार. वर कागद डकवला तर खिडकीवर घेत नाहीत. खोलून परत बांधायचं म्हटलं तर परवा. उन्मेषनं एकेक वाट बंद केली आणि पाचही प्रती कापडी पिशवीत भरल्या. "राहू दे. कोण वाचतंय? आणि वाचलं तरी बायकोच आहे. वाईट काय आहे?"

टॅक्सीत हेरंबनं पिशवी मांडीवर घेतली. आईनंतर त्याच्या घरात इतकी माणसं पहिल्यांदाच आली होती. शिवाय जनावरं.

विद्यापीठाच्या प्रबंध विभागात तो चारला पाच कमी असताना पोचला. खिडकीपलीकडे सुचित्रा मॅडम होत्या आणि त्यांच्या हातात स्टीलची पट्टी. त्यांनी डावा समास मोजला, उजवा मोजला, पानं उलटली आणि पाचवर थांबल्या.

"हे एक पान मी पूर्ण वाचते," त्या म्हणाल्या. "बाकीचं परीक्षकांचं काम."

त्यांनी खरोखरच पूर्ण वाचलं. वाचता वाचता पट्टी खाली ठेवली.

"किती समजूतदार बायको मिळालीय तुम्हाला. आमच्याकडे येतात त्यांच्या निम्म्यांना घरचे टोमणेच मारतात. ध्रुव कितवीत आहे?"

"दुसरीत," हेरंब म्हणाला. कसं कोण जाणे, तोंडातून निघूनच गेलं. "गणित जरा कच्चं आहे."

"होईल हो. आमच्या मुलाचंही होतं. आणि छोटी?"

"सायकल शिकतेय."

"म्हशी गावी असतील."

"गावीच. इथे वर पाणी चढत नाही."

पुढची काही मिनिटं हेरंबचा संसार छान चालला. मेघनाला दम्याचा त्रास निघाला, तो बरा झाला. स्वप्नीलनं ट्रॅक्टर विकून टेम्पो घेतला. हेरंबला आठवेना, की आपण घरच्या माणसांबद्दल इतकं शेवटचं कधी बोललो होतो. मग सुचित्रा मॅडमनी प्रतींसोबतचा अर्ज उचलला आणि त्यांच्या कपाळाला आठी पडली.

"इथे तुम्ही अविवाहित लिहिलंय."

हेरंबनं अर्जाकडे पाहिलं. अक्षर त्याचंच होतं.

"घाईत होतं असं. पण अर्जात एक आणि प्रबंधात एक चालणार नाही, फाइल परत येते. अर्ज दुरुस्त करा. अर्जावर खाडाखोड चालते, शेजारी सही केली की झालं. प्रबंध बांधलेला आहे, त्यातून आता बायको काढता येणार नाही." त्यांनी पेन पुढे केलं. "विवाहित लिहा. आणि खाली लग्नाची तारीख."

त्यानं अविवाहित खोडलं, विवाहित लिहिलं आणि शेजारी सही केली. अक्षर नेहमीपेक्षा बरं आलं. मग तो तारखेवर अडला. मे महिना नको, मेघनाला उकाडा सोसणार नाही. डिसेंबरात परीक्षा असतात. फेब्रुवारी बरा, तिच्या वडिलांचं उसाचं आटपलेलं असेल. आणि इथे त्याच्या लक्षात आलं, की आपण एका पूर्ण अनोळखी बाईच्या सोयीचा गेली दोन मिनिटं मनापासून विचार करतो आहोत, आणि असा विचार करायला ओळखीचं कोणी नाही.

त्यानं पेन ठेवलं. "मॅडम, मेघना माझी नाही."

सुचित्रा मॅडमनी आवाज खाली आणला. "सोडून गेली?"

"आलीच नव्हती."

मग त्यानं सगळं सांगितलं. परीक्षेचा वर्ग, उन्मेष, कराडचे सर, एकवीस डॉक्टर. मॅडमनी सगळं ऐकून अर्ज बाजूला ठेवला. शेवटी म्हणाल्या, "म्हणजे ध्रुवचं गणित?"

"तेही नाही."

त्यांना ध्रुवचं जास्त वाईट वाटलेलं दिसलं. घड्याळात साडेचार झाले होते. त्यांनी खण उघडून एक छापील कागद काढला. "शुद्धिपत्र. बांधून झाल्यावर चूक सापडली तर आत जोडता येतं. पान, ओळ, अमुक ऐवजी तमुक वाचावे. पाच प्रतींना पाच, हातानं लिहिलं तरी चालतं."

हेरंबनं लिहिलं : पान पाच, ओळ तीन ते एकोणीस. ‘माझी पत्नी’पासून ‘ट्रॅक्टर दिला’पर्यंत. ऐवजी.

"पुढे ‘वगळावे’ लिहू?"

"सतरा ओळी वगळल्या तर पान कोरं होतं. कोरा ऋणनिर्देश मला घेता येत नाही. कोणाचे तरी माना."

"कोणी नाहीये, मॅडम."

"असं कसं? घरी?"

"एकटाच असतो."

"उशीर झाला तर फोन कोणाचा येतो?"

"मोबाइल कंपनीचा. रिचार्ज संपला म्हणून."

"आजारी पडलात तर?"

मार्चमध्ये हेरंबला ताप आला होता. तीन दिवस तो खोलीतच पडून होता आणि कोणाला कळायचं काही कारण नव्हतं. चौथ्या दिवशी दार वाजलं. काळाचौकीला खानावळ चालवणारी शेवंतीमावशी तीन जिने चढून आली होती, हातात पेजेचा डबा. सहा वर्षांपूर्वी हेरंबनं तिची मुलाखत घेतली होती. मुलाखत दोन तासांत संपली, जेवण तेव्हापासून चालूच होतं. "तीन दिस ताट वाढून ठेवलंय," दारातच ती म्हणाली होती. "जिवंत असलंस तर सांगूक नको?"

हे त्यानं मॅडमना सांगितलं.

"मग लिहा की त्यांचं नाव."

"नाव नाही लिहिता येत. मुलाखतींतली नावं गुप्त ठेवीन असं लिहून दिलंय विद्यापीठाला. प्रबंधात त्या निवेदक क्रमांक चार आहेत."

सुचित्रा मॅडमनी नियमांचं पुस्तक ओढलं, चाळलं, मिटलं. "क्रमांकाचे आभार मानू नयेत असं कुठे नाहीये."

हेरंबनं लिहिलं : ‘निवेदक क्रमांक चार यांनी मला सहा वर्षं जेवू घातलं. मी गेलो नाही तेव्हा त्या आल्या.’ आणखी चार कागदांवर तेच लिहिलं. मॅडमनी पाचही कागदांचा डावा समास मोजला, अर्जावर पुन्हा अविवाहित करून घेतलं, शेजारी दुसरी सही घेतली. साऱ्या पाऊण तासाचं लग्न होतं, पण मोडलं ते रीतसर. पाचला तीन मिनिटं असताना शिक्का पडला.

साडेसातला तो खानावळीत पोचला. पूर्वी इथे चाळीसचाळीस जणांच्या दोन पंगती उठायच्या. सातव्या प्रकरणात तसा तक्ता आहे. आता चार टेबलं होती. त्यातल्या एकावर हेरंब.

"झालो काय रे तुझो प्रबंध?" शेवंतीमावशीनं ताट ठेवत विचारलं.

"दिला आज. मावशी, त्यात तुमचे आभार मानलेत."

"माझा नाव घातलंस?"

"नाव घालता येत नाही. क्रमांक चार असं घातलंय."

तिचा डाव हवेत राहिला. "चार? आणि माझ्याआधी तिघी खंयच्या?"

हेरंबनं बोटं मोजली. पहिल्या, भोईवाड्याच्या, मुलाखतीनंतर वर्षभरात वारल्या. दुसऱ्या आता सावंतवाडीला मुलाकडे असतात. तिसऱ्यांची चाळ पाडून टॉवर झाला, त्या कुठे आहेत ते टॉवरच्या वॉचमनलाही ठाऊक नव्हतं.

"म्हणजे मी एकटीच रवलंय," ती म्हणाली.

"हो."

"मगे नंबर कित्याक होयो?"

नंबर कशाला हवा, याचं उत्तर तीनशे बारा पानांत नव्हतं. तिनं रस्त्याकडे पाहिलं. कोणी येत नव्हतं. मग आत जाऊन तिनं स्वतःचं ताट वाढून आणलं आणि त्याच्या समोर बसली. सहा वर्षांत गिऱ्हाईक जेवत असताना ती कधी बसली नव्हती.

"डाक्टर झालंस काय मगे खंय जेवतलंस?" तिनं भात कालवत विचारलं. त्याच्याकडे न बघता.

"इथेच."

तिनं मीठ त्याच्याकडे सरकवलं आणि दोघं जेवू लागले.