मोज्यातली निळी फरशी

मिस्त्रींनी उभं आयुष्य लोकांच्या घरात फरश्या बसवण्यात घालवलं. त्यामुळे लेक-जावयाने हट्टाने दोघा नवरा-बायकोला परदेशच्या सहलीला धाडलं, तेव्हा सगळे जण माना वर करून पडक्या राजवाड्याचे खांब बघत होते आणि मिस्त्री गुडघे टेकून जमीन न्याहाळत होते. निळ्या फरशीचे सांधे असे, की नख शिरणार नाही! गाईडबाई "इथलं काहीही उचलू नका" असं बजावत होत्या, तेव्हा मिस्त्रींचं नख सांध्यातच होतं. आणि एक तुकडा नेमका सुटा होता.

विमानतळावर मशीनने बॅग गिळली आणि मागेपुढे करत तिथेच चघळत बसली. अधिकाऱ्याने आतून एक मोजा काढला. मोज्यातून तुकडा निघाला.

"अहो, हे काय?" बायकोने विचारलं.

"नमुना आहे."

"नमुनाच आहात तुम्ही!"

निरोप द्यायला आलेल्या गाईडबाई कपाळाला हात लावून दुभाष्याच्या कामाला लागल्या. अधिकारी शांतपणे सांगत होता : शंभर वर्षांपेक्षा जुनी वस्तू इथे सरकारची. परवान्याशिवाय देशाबाहेर नेली, तर तीन वर्षांपर्यंत कैद.

"पण सुटीच पडली होती," मिस्त्री म्हणाले. "माझ्या कामावर सुटी फरशी कोणी उचलत नाही, पण उचललीच तर..."

"तर?" गाईडबाईंनी विचारलं.

मिस्त्रींना आठवलं. मागे एका गिऱ्हाइकाच्या घरातून गड्याने दोन उरलेल्या फरश्या नेल्या होत्या, तेव्हा त्यांनी त्याला अख्ख्या आळीसमोर झापलं होतं. "तर मी त्याला चोर म्हणतो," ते पडेल आवाजात म्हणाले. बायकोने पाण्याची बाटली पुढे केली, पण त्यांच्याकडे बघितलं नाही.

सहलीतली मंडळी हात हलवत विमानात गेली. विमान उडालं. तासाभराने पुराणवस्तू खात्याच्या एक बाई आल्या. तुकडा नेमका कुठला, हे कळायला हवं होतं. नाहीतर त्याची किंमत शून्य.

मिस्त्रींनी कागद मागितला. दुसऱ्या दालनाचा उंबरा काढला, उजव्या भिंतीपासून चौथी ओळ, सहावी फरशी, नक्षीचं पान कुठल्या दिशेला, तेही. शेजारच्या फरशीखाली ओल धरली आहे, तीही लवकरच सुटेल, हे न विचारता सांगितलं. बाई चष्मा पुसून कागद बघत राहिल्या.

तरी कायदा तो कायदाच. जबाब झाला, बोटांचे ठसे झाले, तुकडा जप्त झाला. मिस्त्रींनी लगेच कबुली दिली आणि जागाही दाखवली, म्हणून लेखी ताकीद देऊन सोडलं. पुन्हा असं घडलं तर थेट खटला. नाव मात्र दप्तरी लागलं.

"खुर्च्या तरी बऱ्या आहेत," दुसऱ्या दिवशीच्या विमानाची वाट बघत मिस्त्री म्हणाले.

बायकोने लेकीला फोन लावला. "आम्ही उद्या येतोय गं. नाही, तब्येत ठणठणीत आहे. तुझ्या बाबांना सरकारने मुक्कामाला ठेवून घेतलंय." मग फोन सरळ त्यांच्या हातात दिला. "घ्या, पुढचं तुम्हीच सांगा. मोज्यापासून सुरुवात करा."

मिस्त्रींनी खाकरून घसा साफ केला आणि ते उठून, जरा लांब जाऊन उभे राहिले.