आखूड होत गेलेली नळी

मित्रांनो, मी एक जुनी पेट्रोलची टाकी आहे. कधीकाळी लाल होते, हे सांगायला कडांना थोडा रंग शिल्लक आहे; बाकी सगळा गंज. एका छोट्या होडीच्या मोटरला पेट्रोल पाजणे, एवढेच माझे आयुष्यभराचे काम. माझ्यापासून मोटरपर्यंत काळी रबरी नळी जायची आणि तिच्या मधोमध एक रबरी फुगा होता. तो दाबत राहिले की पेट्रोल पुढे सरकायचे. फुगा टणक झाला की दोरी ओढून मोटर चालू करायची.

माझे मालक नळदुरुस्तीची कामे करत. सुट्टीच्या दिवशी बायकोला आणि मुलीला घेऊन ते तलावावर येत. फुगा दाबण्याचा मान मुलीचा. तिच्या एका मुठीत तो मावत नसे, म्हणून दोन्ही हातांत धरून, जीभ दाताखाली घेऊन ती दाबायची.

"झाला का गं टणक, फुगेवाले?"

"थांबा हो बाबा, अजून पिळपिळीत आहे!"

तिने होकार दिल्याशिवाय मालकांनी दोरीला कधी हात लावला नाही.

पुढे मुलगी मोठी झाली, नोकरीसाठी दूर गेली. माझ्या तळाला गंज धरला. नळी टोकाशी चिरू लागली. मालक चिरलेला तुकडा कापून टाकत आणि उरलेली नळी पुन्हा जोडत. दर खेपेला ती बोटभर आखूड होई आणि मी मोटरकडे तेवढी सरके. शेवटी मी त्यांच्या पायांतच आले. गुडघे पोटाशी घेऊन ते होडी चालवू लागले.

"अहो, नळी कापताय की नखं?" मालकीणबाई म्हणत. "एक दिवस टाकी मांडीवर घेऊन बसाल. लोकांचे नळ दुरुस्त करत फिरता आणि स्वतःच्या होडीचं हे असं. दिव्याखाली अंधार!"

"नवी टाकी, नवी नळी, सगळं आणून ठेवलंय," मालक म्हणत. "पोरगी आली की बसवू. दोघांचं काम आहे ते."

खरेच आणले होते. शेडमध्ये, माझ्या डोक्यावरच्या फळीवर ते खोके होते. आधी मला त्या नवीचा हेवा वाटला. पण खोक्यावर धूळ साचत गेली, तसा हेवाही ओसरला.

मालक शेडमध्ये बसून मुलीशी फोनवर बोलत, तेव्हा तिचा आवाज मलाही ऐकू यायचा.

"पुढच्या महिन्यात नक्की येते, बाबा."

"ये की. घाई नाही. कापायला अजून बरीच नळी आहे."

हसत हसत ते फोन ठेवत. मग माझ्या झाकणावर हात ठेवून थोडा वेळ तसेच बसून राहत.

नंतर ते यायचेच थांबले. शेडचे दार बरेच दिवस बंद होते. उघडले, तेव्हा मायलेकी दोघीच आत आल्या. मालक गेले होते. मालकीणबाईंना त्यांच्या होडीतून एकदा तलावात फिरून यायचे होते.

मुलीने खोके खाली काढले. मालकांच्या पिशवीतला स्क्रूड्रायव्हर घेतला, जुन्या क्लिपा सैल केल्या, मला मोकळे केले. नवी नळी नव्या टाकीवर चढवली, दुसरे टोक मोटरला लावले, क्लिपा आवळल्या. फुग्यावरचा बाण मोटरकडे आहे ना, ते पाहिले. झाले. आईने ओतून दिलेल्या चहाची वाफ अजून निघत होती.

ती हातातल्या स्क्रूड्रायव्हरकडे पाहत राहिली.

"आई, हे तर एकट्याचं काम आहे."

"हो."

"बाबांना माहीत नव्हतं?"

"जन्मभर नळ्याच जोडल्या त्यांनी," मालकीणबाई म्हणाल्या. "मी म्हटलं होतं, बसवून टाका एकदाची. तर म्हणाले, मग ती आल्यावर तिला काय काम देऊ?"

मुलीने स्क्रूड्रायव्हर पुसून मालकांच्या पिशवीत परत ठेवला.

मग दोघींनी नव्या टाकीत पेट्रोल भरले आणि होडी पाण्यात ढकलली. नवी नळी लांब होती. नवी टाकी पार मध्यावर जाऊन बसली आणि मागे ऐसपैस जागा झाली. मुलगी मालकांच्या जागी बसली. पाय पसरता आले असते, पण तिने ते जवळच घेतले.

"आधी झाकणावरचा हवेचा स्क्रू उघड," मालकीणबाई म्हणाल्या. "नाहीतर मोटर मध्येच गुदमरते. दर वेळी बघायचे मी."

मुलीने तो उघडला, फुगा हातात घेतला. आता तो तिच्या एका मुठीत मावत होता.

"टणक झाला," ती म्हणाली. तिला कोणी विचारले नव्हते. थोडे थांबून तिने दोरी ओढली.

मी शेडच्या दारात आहे. आखूड नळी माझ्याभोवती गुंडाळायला घेतली होती तिने. एक वेढाही पुरा झाला नाही.

मित्रांनो, वस्तू वेळेवर पुसा, वेळेवर बदला, हे तर मी सांगेनच. पण एखाद्याला एकट्याने सहज जमेल असे काम त्याने तुमच्यासाठी राखून ठेवले असेल, तर पुढच्या महिन्यात येतो म्हणू नका. नळी कापून कापून दिवस काढता येतात. पण दर खेपेला ती आखूडच होते.