लसूणघासाची कलिंगडं

लिक्सांद्रा जुलैच्या सुरुवातीला गेली. आमच्या ओल्तेनिया प्रांतात माणूस गेलं की सहा आठवडे त्याच्या नावानं घरोघरी पाणी द्यायचं. शेवटी एका शनिवारी ते वाहत्या पाण्यात मोकळं करायचं आणि वाळल्या दुधीच्या कवटीत मेणबत्ती लावून सोडायची. नाही केलं तर गेलेलं माणूस पलीकडे तहानलेलं राहतं. शेजारच्या वेतामावशीनं सगळे आठवडे माझ्या बायकोच्या नावानं घागर वाहिली. अडलं ते शेवटाला. कालवा कोरडा होता. विहिरीचं पाणी कुठं जात नाही. आणि डॅन्यूब नदीवर जाऊ म्हटलं तर मावशी म्हणाली, लिक्सांद्रा इथं राहिली, ती इथलंच पाणी घेईल.

कालवा कोरडा होता, कारण आमची जमीन ओली होती. वाळू भाजत होती, कुत्री पाय उचलून चालत होती, पण पाटबंधारे कार्यालयाच्या नकाशावर आमचं गाव निळं होतं. उपग्रहाला ओलं दिसलं, म्हणजे ओलं. आणि ओल्या गावाला पाणी सोडत नाहीत.

गावानं ओरड केली तेव्हा इंजिनियर तिबेरिऊ आला. सरपंच प्रिकोपनं त्याला आलुबुखाराची दारू पाजली. त्यानं समजावलं, की उपग्रहाच्या लहरी ओल्या मातीवरून जास्त परततात. पण मध्ये पाला असला तर त्यातलं पाणीही लहरी परतवतं, आणि कुठली ओल कुणाची ते कळत नाही. म्हणून पीक बघून पाल्याचा वाटा वजा करतात.

"तुमच्याकडे कलिंगड," तो म्हणाला. "वेल भुईसरपट, पाला विरळ. थोडंसंच वजा केलं. बाकीची ओल मातीची."

खोलीत कोणी कोणाकडे बघेना. कलिंगडाला सरकार जास्त अनुदान देतं, म्हणून अख्ख्या गावानं कलिंगड सांगितलं होतं आणि पेरला होता लसूणघास. मांडीपर्यंत आलेला, हिरवागार. त्याची मुळं खोल, वरची वाळू जळाली तरी तो ताठ. आम्ही सरकारला फसवलं, सरकारनं तेच पुढे हिशेबात धरलं आणि हिशेबानं आम्हाला कोरडं ठेवलं. एवढ्या बिनचूकपणे या गावात दुसरं काही झाल्याचं मला आठवत नाही.

मी म्हणालो, "साहेब, उद्या शेतावर चला. कलिंगड खायला."

प्रिकोपच्या घशात दारू अडकली. बाहेर आल्यावर त्यानं माझा दंड धरला. "निस्तोरभाऊ, वहिनी गेल्यात, तुझं दुःख समजतं. पण म्हणून गाव मारायचं?"

"मला शनिवारी वाहतं पाणी हवं."

"आणि नाही आलं तर?"

"तर साहेबाला कलिंगड कापायला सुरी घेऊन या म्हणतो."

त्या दुपारी गावात एकही विळा घरी राहिला नाही. निवडून आल्यापासून प्रिकोपनं हातात फक्त ग्लास धरला होता, त्यानंही घास कापला. कापलेला लगेच गाड्यांत भरून गोठ्यांत नेला.

सकाळी इंजिनियर आला तर शेतं उघडी. प्रिकोप म्हणाला, कलिंगडं कालच काढली, वेलही उपटले. इंजिनियर वाकला, एक खुंट उपटून हुंगला.

"तुमच्या कलिंगडाला लसूणघासाचा वास येतो."

"वाळू आहे साहेब. वाळूत काहीही होतं."

इंजिनियर हसला नाही. पीक उभं नाही, जमीन उघडी, एवढं त्यानं कार्यालयात कळवलं आणि गेला. गुरुवारी उपग्रह वरून गेला, मध्ये पाला नव्हता, आणि नकाशावर निळं गाव लाल झालं. शुक्रवारी संध्याकाळी कालव्यात पाणी आलं, गढूळ, पण वाहतं.

शनिवारी मावशी काठावर उभी राहिली. लिक्सांद्राचं पाणी मोकळं करते, म्हणाली. मग रीतीप्रमाणे विचारलं, साक्षी कोण?

"मी," प्रिकोप पुढे झाला.

मावशीनं त्याला खालून वर बघितलं. "दुसरं कोणी आहे का?"

लोक हसले. अशा वेळी हसू नये, पण हसले. लिक्सांद्रा असती तर सगळ्यांत मोठ्यानं हसली असती आणि मग मला कोपरानं ढोसलं असतं. मी म्हणालो, असू दे मावशी, पाणी त्याच्या भीतीनंच आलंय.

कवटी सोडली. थोडं जाऊन ती काठाला, लसूणघासाच्या एका पेंढीत अडकली. कोणाच्या तरी गाडीतून पडली असणार. प्रिकोप शिव्या देत, पँट वर करून पाण्यात उतरला आणि कवटी सोडवून हातानं पुढे ढकलली. मेणबत्ती विझली नव्हती. ती वळणाआड जाईपर्यंत मी तिथंच उभा होतो.